विषय: चार्टर शाळेत नंबर लागलाय, पण निकाल घसरलेत

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, कारण शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. आमची लेक सप्टेंबरमध्ये तिसरीत जाईल. इथे न्यू जर्सीत एका लहान चार्टर शाळेच्या सोडतीत तिचं नाव वेटिंग लिस्टवर राहिलं होतं. काल फोन आला, नंबर लागलाय. बालवाडी ते आठवी, इयत्तेला एकच वर्ग, वर्गात १८ मुलं. जाऊन बघून आलो. वर्ग, बाई, मागचं छोटं मैदान, सगळं आवडलं. रात्री राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर निकाल काढले आणि हबकले. तिसरीच्या गणितात अपेक्षित पातळी गाठलेली मुलं आधी ६६.७ टक्के होती, दोनच वर्षांत ४४.४ वर आली. पटही उतरतोय. सासरे म्हणताहेत, खासगी शाळेची फी भरायची आणि निकाल असा?

ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

– तिसरीत जाणाऱ्या मुलीची आई

——

ताई,

मी आपल्याच न्यू जर्सीतल्या दुसऱ्या एका लहान चार्टर शाळेच्या विश्वस्त मंडळावर सहा वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सासऱ्यांना आधी सांगा, चार्टर शाळा खासगी नसते. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. पैसा सरकारी, परीक्षा इतर सरकारी शाळांचीच. फरक कारभारात आहे. ती गावच्या शिक्षण मंडळाखाली येत नाही, राज्याकडून तिला मुदतीची सनद मिळते: आधी चार वर्षांची, मग पाच-पाच वर्षांची. काम समाधानकारक नसेल तर सनद जाते आणि शाळा बंद होते. देशात असा पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, आपल्याकडचा १९९५ चा.

आता तुमचे दोन आकडे. वर्ग १८ चा, म्हणजे ६६.७ टक्के ही १२ मुलं आणि ४४.४ टक्के ही ८. फरक चार मुलांचा. एनजेएसएलए ही राज्याची वार्षिक परीक्षा, तिचे गुण ६५० ते ८५० आणि अपेक्षित पातळीची रेघ ७५० वर. ७४८ मिळवणाऱ्या आणि ७५२ मिळवणाऱ्या मुलाच्या गणितात काही फरक नसतो, पण टक्केवारीत एक आत आणि एक बाहेर. १८ च्या वर्गात एक मूल म्हणजे साडेपाच टक्के! शिवाय ती तिसरी आणि ही तिसरी, मुलंच वेगळी. तेव्हाची तिसरी दोन वर्षांनी पाचवीत पोचली. त्याच अहवालात पाचवीचं गणित उघडा, त्या मुलांचं पुढे काय झालं ते कळेल. प्रगतीचं सदरही बघा. मूल आधी जितक्या गुणांवर होतं, राज्यात तितक्याच गुणांवर असलेल्या मुलांच्या तुलनेत ते पुढे कुठे पोचलं, हे १ ते ९९ मध्ये दिलेलं असतं. परीक्षाच तिसरीपासून सुरू होते, त्यामुळे हा आकडा चौथीपासून मिळतो.

पट मात्र मी हलक्यात घेणार नाही. गावचं शिक्षण मंडळ चार्टर शाळेला मुलामागे पैसे देतं. कायद्यात त्याचा पाया गावच्या ठरावीक दरडोई खर्चाच्या ९० टक्क्यांचा आहे, आणि १५ ऑक्टोबरच्या पटावर हिशेब होतो. भाडंही त्यातूनच भागवायचं. समजा नऊ मुलं कमी झाली, तर ती प्रत्येक वर्गातून एकेक अशी कमी होतात. वर्ग बंद करता येत नाही, वर्गशिक्षिका कमी करता येत नाही, भाडं तेवढंच. मग कात्री लागते संगीताला, मदतनिसांना, वाचनाच्या खास शिक्षिकेला. आमच्याकडे एका वर्षी हेच झालं. वाचनाच्या बाईंची जागा आम्ही गोठवली, मीही बाजूने हात वर केला. त्या रोज वीस-वीस मिनिटं ज्या मुलांना जवळ घेऊन बसत, ती नेमकी रेघेच्या थोडी अलीकडची मुलं. पुढच्या वर्षी निकाल उतरला, तो पाहून काही कुटुंबं गेली, पट आणखी उतरला. तोवर आम्ही निकालाची बैठक वेगळी घ्यायचो आणि बजेटची वेगळी. लहान शाळेत हा एकच हिशेब असतो. त्या मतदानाचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून शाळेला विचारा, गळती कुठल्या इयत्तेतून आहे? पाचवीनंतर मुलं गेली असतील तर बहुतेक मोठ्या मिडल स्कूलमधल्या बँडसाठी, खेळांसाठी. पहिली-दुसरीतून जात असतील तर आईबापांना काहीतरी खटकतंय. आणि अलीकडे कुठली जागा गोठवली, हे नक्की विचारा. मुलं सगळीकडेच कमी होताहेत हेही खरं: अमेरिकेत २००७ मध्ये सुमारे ४३ लाख जन्म झाले, २०२३ मध्ये ३६ लाखांच्या आसपास.

विश्वस्तांच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. एकीला तरी जाऊन बसा.

– एक विश्वस्त

——

अगं पोरी,

मुलाकडे आले आहे, त्याच्याच ईमेलवरून लिहिते. सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर होते, त्यातली निम्मी द्विशिक्षकी. दादांचं वाचलं आणि वाटलं, तारीख तेवढी बदलली. आमच्याकडे ३० सप्टेंबरचा पट, त्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरणार, आणि पट कमी पडला की शिक्षक अतिरिक्त. त्या महिन्यात वाड्यावस्त्यांवर फिरून मुलं आणायचो आम्ही. २०११ च्या ऑक्टोबरात सरकारने राज्यभर तीन दिवस पटपडताळणी केली आणि कागदावरची मुलं उघडी पडली. ज्यांनी असलं काही केलं नव्हतं, त्यांचीही मान खाली गेली.

तू एक कर. शाळेत जा आणि वही मागून घे. हुशार मुलाची नको, गणित न जमणाऱ्याची. बाईंनी नुसती फुली मारलीय, की चूक कुठल्या पायरीला झाली तिथे खूण केलीय? आणि विचार, वजाबाकीत हातचा न कळणारी मुलं कोणकोण. १८ मुलांच्या बाईला ही नावं तोंडपाठ हवीत. माझ्याकडे ४१ होती, तरी मला असायची.

– काकू

——

दादा, काकू,

आदर ठेवून लिहितो. माझी दोन्ही मुलं गावच्या शाळेत शिकली. १८ मुलं चार्टरला जातात तेव्हा गावच्या शाळेतूनही ती वेगवेगळ्या वर्गांतून जातात. तिथेही वर्ग बंद होत नाही, बस बंद होत नाही, पैसे मात्र जातात. दादांनी मांडलेला हिशेब आम्हालाही तितकाच लागू आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन गटाने २००९ मध्ये पाहिलं तेव्हा गणितात ३७ टक्के चार्टर शाळा नेहमीच्या सरकारी शाळांच्या मागे होत्या आणि १७ टक्केच पुढे. २०२३ च्या अभ्यासात चित्र सुधारलं, पण चार्टरची आघाडी सरासरी वर्षाला वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याएवढीच. ताई, लेक आत्ता जिथे आहे तिथे ती रमलीय का, हे कुणी विचारलंच नाही.

– गावच्या शाळेचा एक पालक

——

दादा, तुमचा मुद्दा मान्य आहे. हा ताण दोन्हीकडे आहे, आणि तो शाळांनी आपापसात नाही, राज्याने सोडवायला हवा. सरासरीवरून एखादी शाळा ओळखता येत नाही, हेही खरं.

एक आपल्या लोकांसाठी. वर्षाच्या १८० दिवसांपैकी १८ दिवस मूल गैरहजर राहिलं की ते सततच्या गैरहजेरीत मोजलं जातं, आणि तो आकडाही शाळेच्या अहवालात येतो. नाताळच्या सुट्टीला जोडून भारतात तीन आठवडे वाढवले की १५ दिवस तिथेच गेले. मग दोन-तीन वेळा ताप आला की झालं. लहान शाळेत अशी चार घरं आकडा हलवतात, आणि त्या तीन आठवड्यांत वर्ग अपूर्णांकांवर गेलेला असतो. आजीआजोबांना भेटायला जायलाच हवं. जमेल तर उन्हाळ्यात जा.

– विश्वस्त

——

सगळ्यांचे मनापासून आभार.

आज दोन तास शाळेत होते. पाचवीचं गणित: १६ पैकी १२ मुलं पातळीला. तिसरीत मागे राहिलेल्या दहांपैकी चौघं त्याच वर्षी नव्याने आलेली. गळती सहावीपासून आहे, सातवीत ११ च मुलं. आणि हो, वाचनाच्या बाईंची जागा गेल्या वर्षी गोठवली होती. मुख्याध्यापिकांनी विचारल्यावर लगेच सांगितलं, लपवलं नाही. या वर्षी ती अर्धवेळ भरताहेत. काकू, वही पाहिली. चुकलेल्या पायरीला पेन्सिलीने गोल केलेला होता आणि शेजारी बाईंनी तेच गणित पुन्हा मांडलेलं होतं. नावं विचारली, बाईंनी न थांबता सहा सांगितली.

लेकीशीही बोललो. सध्याच्या शाळेत २७ जणांत तिचा हात वर असूनही दिसत नाही, असं ती म्हणाली. हे तिने याआधी कधीच सांगितलं नव्हतं.

जागा घेतलीय. ऑक्टोबरच्या विश्वस्त बैठकीला मी जाणार आहे. वाचनाच्या बाई पूर्णवेळ केव्हा होणार, ते तिथे विचारेन.

शाळा घरापासून दोन मैलांच्या आत आहे, त्यामुळे बस मिळणार नाही. रूट २७ च्या बाजूने सकाळी पावणेआठच्या सुमाराला कुणी मुलांना सोडायला जात असेल तर कळवा. मंगळवार-गुरुवार मी नेईन.

– आई