वडिलांच्या हाताचं ऑपरेशन आहे, भुलीच्या इंजेक्शनात डेक्सा मिसळणार म्हणतात, चालतंय का?

शिरोलीकर: नमस्कार मंडळी. वडील ६१ वर्षांचे, गाडीवरनं घसरले आणि कोपर-मनगटाच्या मधली दोन्ही हाडं मोडली. सोमवारी इथंच कोल्हापुरात प्लेट बसवायची आहे. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या पूर्ण भूल नको, गळ्याच्या हाडाच्या वर सोनोग्राफीत बघत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करू आणि रात्री ठणका नको म्हणून त्यात डेक्सा घालू. तिथं मी बरं म्हटलं, पण घरी आल्यावर आई म्हणाली डेक्सा म्हणजे स्टेरॉइड न्हवं का, ह्यांना शुगर आहे, बीपीची मेटोप्रोलॉलपण चालू आहे. वर शेजारचे एकजण म्हणतात नसेजवळ असलं काय घातलं की हात कायमचा लुळा पडतो. लई टेन्शन आलंय, कुणाला माहिती असली तर सांगा.

भूलवाला डॉक्टर: दादा, मी कोल्हापूर-सांगली भागात हेच काम करतो. ब्लॉक, म्हणजे असं इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करणं, चांगला पर्याय आहे, वडील जागे राहतील आणि श्वासनलिकेत नळी घालायला लागत नाही. नुसत्या बुपिवाकेनचा (बधिर करायच्या औषधाचा) असर ढोबळमानानं ८ ते १० तास, डेक्सा घातला की १६ ते २० तासांपर्यंत जाऊ शकतो. नसेजवळ देण्यासाठी हे औषध अधिकृतपणे मंजूर नाही पण जगभर अनुभवावर वापरतात, ४ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यानं नसेला जास्त इजा होते असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तेच इंजेक्शन शिरेतनं दिलं तरी ब्लॉक बराच लांबतो, नसेजवळचा फायदा थोडक्या तासांचा, म्हणून मी बऱ्याचदा शिरेतनंच देतो. शुगर मात्र दोन्हीकडनं वाढते, साधारण दिवसभर, तेव्हा घरी गोळ्या चालू आहेत हे मॅडमना परत सांगा आणि ऑपरेशननंतर शुगर वरचेवर तपासायला लावा.

अजून एक, डेक्सा म्हणाल्या का डेक्समेड (डेक्समेडेटोमिडीन, गुंगीचं औषध) हे नीट विचारून घ्या, औषधं पूर्ण वेगळी आहेत. डेक्समेडनं पण ब्लॉक लांबतो, पण नाडी मंदावते, बीपी उतरतो, झोप येते, आणि मेटोप्रोलॉल आधीच नाडी हळू करतं. द्यायचंच नाही असं नाही, पण मॉनिटरवर लक्ष ठेवून.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे, की अशा फ्रॅक्चरमध्ये कधीकधी हाताच्या आत सूज साठून दाब वाढतो आणि त्याची पहिली खूण म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या कळा. हात २० तास बधिर असला तर ती खूणच कळत नाही. हाडाच्या डॉक्टरांना आणि मॅडमना सरळ विचारा की ह्या केसमध्ये एवढा लांब ब्लॉक पाहिजेच का, का थोडा छोटा बरा.

प्रेसवाला: माझं बोट प्रेसमध्ये सापडलं तेव्हा असाच ब्लॉक दिलेला. रात्री जेवून निवांत झोपलो, पहाटे असर उतरला आणि ज्या कळा सुरू झाल्या त्या विचारू नका, गोळी आधी घ्यायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. बोटांत मुंग्या यायला लागल्या की उतरतोय समजायचं, तेव्हाच गोळी द्या, दुखायची वाट बघू नका.

ओटी सिस्टर: बधिर हात गळ्यात अडकवूनच ठेवा आणि झोपताना उशीवर, नाहीतर कुशीवर वळताना आपलाच हात आपल्या तोंडावर आपटतो किंवा अंगाखाली दबून राहतो. त्या हातात गरम चहाचा पेला देऊ नका, भाजलेलं कळत नाही. त्या बाजूची पापणी उतरली, आवाज घोगरा झाला तर घाबरू नका, असर उतरला की जातं, पण दम लागला तर लगेच सांगा. रात्री बोटांचा रंग बघत राहा, निळी-पांढरी किंवा गार पडली, पट्टीखाली हात टणक वाटला तर सकाळची वाट न बघता ड्युटी डॉक्टरांना उठवा.

शिरोलीकर: आत्ताच फोन केला. डेक्साच आहे, आणि शुगर ऐकून शिरेतनं कमी डोस देऊ म्हणाल्या, सूज बघून ब्लॉक किती लांबवायचा ते हाडाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवणार. सर, पेनकिलर किडनीला बाधते म्हणून वडील घेतच नाहीत, काय करू?

भूलवाला डॉक्टर: क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट मॅडमना दाखवा, त्या बघून ठरवतील. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, ती ठराविक वेळेला, दुखत नसलं तरी.