'खर्जा' म्हणजे काय? (आणि मुवश्शह, कुफ्ल, मिसरा वगैरे)

प्रश्न: मुस्लिम राजवटीतल्या स्पेनच्या गाण्यांबद्दल वाचताना 'खर्जा' हा शब्द सारखा येतोय. आपला खर्ज म्हणजे खालचा सा, तोच का हा? आणि हिब्रू कवितेच्या शेवटी अरबी ओळी कशा काय असतात?

उत्तर: नाही हो, आपला खर्ज षड्जावरून आलाय. हा खर्जा अरबी, ख-र-ज म्हणजे बाहेर पडणं, आणि त्याच धातूतून फारसीमार्गे आपल्याकडे खर्च आणि खारीज आलेत. तिथे अरबीत मुवश्शह नावाचा गेय प्रकार होता, त्यातून बाहेर पडायच्या शेवटच्या ओळी म्हणजे खर्जा. मुवश्शह हे नाव विशाहवरून, म्हणजे बायका अंगावर तिरका घालायच्या तो जडावाचा पट्टा, आणि ज्यू कवींनी त्याला हिब्रूत सरळ शीर एझोर म्हटलं, पट्ट्याचं गाणं.

रचना अशी की सुरुवातीला मतला, म्हणजे यमक ठरवणाऱ्या पहिल्या ओळी (गझल लिहिणाऱ्यांना सांगायला नको), मग प्रत्येक कडव्याला त्याचं स्वतःचं यमक आणि कडवं संपताना मतल्याचं यमक परत येतं, त्या ओळींना कुफ्ल म्हणतात. कुफ्ल म्हणजे कुलूप, आपलं कुलूप त्याच शब्दावरून आलंय. अशी साधारण पाच कडवी आणि शेवटचं कुलूप म्हणजे खर्जा. आधीचं सगळं शुद्ध ग्रांथिक भाषेत आणि खर्जा मात्र बोलीत, बऱ्याचदा एखाद्या मुलीच्या तोंडी, कधी बाजारातल्या अरबीत तर कधी तिथल्या रोमान्स बोलीत म्हणजे स्पॅनिशच्या जुन्या भावंडात. इजिप्तच्या इब्न सना अल-मुल्कने (११५५–१२११) मुवश्शहचे नियम लिहिले, तो म्हणतो खर्जा हेच गाण्याचं मीठ, साखर, कस्तुरी आणि अंबर, आणि कवीने आधी खर्जा ठरवावा, बाकीचं त्यावर बांधावं.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ज्यू कवी लोकांच्या तोंडी असलेला अरबी खर्जा उचलायचे आणि त्याच चालीवर वर हिब्रू गाणं रचायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ. लोक याला नुसता 'अरबी प्रभाव' म्हणतात ते मला फार तोकडं वाटतं, कारण मैफली त्याच, चाली त्याच, अरबी तर ज्यूंची रोजची भाषा.

ज्यू कवी येहुदा हालेवीचा (मृत्यू ११४१) एक खर्जा बघा. स्पेनमधल्या कास्तील या ख्रिस्ती राज्याचा राजा सहावा आल्फोन्सो, त्याचा एक ज्यू वैद्य होता, त्याला लोक सिदेल्यो म्हणायचे म्हणजे छोटा सय्यद, छोटे साहेब. त्याच्या स्तुतीची अख्खी कविता हिब्रूत आणि शेवटी असं येतं की माझा सिदेल्यो येतो तेव्हा केवढी आनंदाची बातमी, वादी-अल-हिजारात सूर्याचा किरण उगवावा तसा. ओळी रोमान्स बोलीतल्या, त्यात आनंदवार्तेला शब्द अल-बिशारा म्हणजे अरबी, गावाचं नाव अरबी (आताचं ग्वादालाहारा), आणि लिपी हिब्रू, तीही स्वरचिन्हांशिवाय! त्यामुळे या ओळी कित्येक शतकं कोणाला धड लागत नव्हत्या, १९४८ मध्ये सॅम्युएल स्टर्न या अभ्यासकाने असे खर्जे उलगडून छापले तेव्हा स्पॅनिशच्या अभ्यासकांत खळबळ उडाली.

प्रश्न: मिसरा पण यातलाच का?

उत्तर: मिसरा मुवश्शहच्या आधीपासूनचा, साध्या अरबी कवितेतला. अरबीत पूर्ण ओळ म्हणजे बैत, घर किंवा तंबू, आणि अर्धी ओळ मिसरा, म्हणजे दाराची एक फळी. १०व्या शतकात मोरोक्कोतल्या फेझचा ज्यू कवी दुनाश बेन लब्रात बगदादला शिकून स्पेनमधल्या कोर्दोबाला आला आणि अरबी वृत्तं हिब्रूत बसवायला लागला, त्यावरून भाषा बिघडवली म्हणून जोरदार भांडणंही झाली. पण वृत्तं टिकली आणि परिभाषाही हिब्रूत उतरली: ओळ बायित म्हणजे घर, पहिली अर्धी देलेत म्हणजे दार, दुसरी सोगेर म्हणजे बंद करणारी.

प्रश्न: धार्मिक लोकांना हे चालायचं?

उत्तर: ज्यूंची प्रार्थनेची गाणीसुद्धा याच साच्यात आहेत. आक्षेप मात्र होतेच. कोर्दोबात जन्मलेला ज्यू धर्मपंडित मायमोनिडीज लिहितो की लग्नाच्या मेजवानीत कोणी अरबी गाणं धरलं की वडीलधारे अडवतात, मग ते शौर्याचं किंवा दानशूरपणाचं का असेना, आणि हिब्रू गाण्यात काहीही असलं तरी गप्प बसतात. हा त्याच्या मते निव्वळ मूर्खपणा, गाणं भाषेवरून नाही, आशयावरून तोलायचं. वर तो म्हणतो की आशय वाईटच असेल तर हिब्रूतलं जास्त वाईट, कारण ती भाषा पवित्र.