बेसिक ५० टक्के केलं की विषय संपला का? स्पेशल अलाउन्सचं काय?

पगारखातं

नमस्कार मंडळी. मी एका इंजिनीअरिंग युनिटमध्ये पगाराचं काम बघते. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता (नवे कामगार कायदे, त्यातलाच एक वेतन संहिता) लागू झाल्या, तेव्हापासून एकच गोष्ट सगळीकडून ऐकतेय: "बेसिक ५० टक्के करून टाका, बाकीचं आहे तसं चालू द्या." आमच्या साहेबांचंही तेच म्हणणं आहे.

पण वेतन संहितेतली वेतनाची व्याख्या मी दोनदा नीट वाचली आणि मला ते पटेना. आमच्याकडच्या एका वेल्डरचा पगार असा आहे: बेसिक १२,०००, घरभाडे भत्ता ६,०००, कन्व्हेअन्स ३,००० आणि स्पेशल अलाउन्स १५,०००. एकूण ३६,०००. पीएफ आजवर १२,००० वरच कापला जातोय. आठ वर्षं पूर्ण झाली आहेत आणि आता तो नोकरी सोडून गावी शेती बघायला जाणार आहे. त्याची ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम) १२,००० वर काढायची, एकूण पगाराच्या निम्म्यावर म्हणजे १८,००० वर की आणखी कशावर? माणूस इतकी वर्षं भट्टीसारख्या शेडमध्ये उभा राहिलाय, त्याचा हिशोब माझ्या हातून कमी निघायला नको. कोणी प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

मस्टर_ते_सॉफ्टवेअर

ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. मी हाताने मस्टर भरायच्या काळापासून पगारपत्रकं करतोय, आणि सध्या हीच चूक सगळ्यात जास्त बघतोय.

संहितेत "बेसिक ५० टक्के ठेवा" असं कुठेही म्हटलेलं नाही. व्याख्येची सुरुवात उलट्या बाजूने आहे. पगार, भत्ते, काहीही नाव द्या, सगळा मोबदला म्हणजे वेतन. मग त्यातून काय वगळायचं त्याची यादी दिलीय: बोनस, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, मालकाचा पीएफचा वाटा, ओव्हरटाइम, कमिशन, कामाच्या स्वरूपामुळे करावा लागणारा विशेष खर्च, ग्रॅच्युइटी वगैरे. या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर जास्तीचा भाग परत वेतनात येतो. ५० टक्क्यांचा संबंध एवढाच.

आता यादीत स्पेशल अलाउन्स शोधा. नाही सापडणार. म्हणजे तुमच्या वेल्डरचे वगळायचे ते फक्त घरभाडे आणि कन्व्हेअन्स मिळून ९,०००. राहिलेले २७,००० हे वेतन. साहेब म्हणतात तसं बेसिक १८,००० आणि स्पेशल ९,००० केलं, तरी बेरीज २७,०००च. या खिशातले पैसे त्या खिशात, बाकी काही नाही.

ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनाच्या २६ व्या भागाला १५ ने गुणून, पुन्हा वर्षांनी गुणून निघते:

१२,००० धरले तर ५५,३८५
१८,००० धरले तर ८३,०७७
२७,००० धरले तर १,२४,६१५

फरक किती आहे बघा. आणि तो आठही वर्षांवर पडतो, कारण हिशोब शेवटच्या वेतनावर होतो. म्हणूनच मोठ्या आयटी कंपन्यांनीसुद्धा डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत यासाठी एकरकमी तरतूद केली. साहेबांना हे तीन आकडे एका कागदावर लिहून दाखवा, त्यांना लगेच समजेल.

पीएफचं म्हणाल तर हा मुद्दा संहितेच्याही आधीचा आहे. सरसकट सगळ्यांना मिळणारा स्पेशल अलाउन्स पीएफसाठी मूळ वेतनात धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलंय. पीएफ १२ टक्के आणि तो ज्या वेतनावर कापायचा त्याला १५,००० ची मर्यादा आहे, त्यामुळे कपात १,४४० वरून १,८०० होईल. हातात ३६० रुपये कमी येतील, पण मालकाचेही तेवढेच वाढतील. कामगारांना हे पगाराच्या दिवसाआधी समजावून सांगा. नंतर सांगितलं की त्यांना वाटतं पैसे कापले.

निम्मा_हिशोब

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. कामगार मंत्रालयाने डिसेंबर २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात ६०,००० पगाराचं उदाहरण होतं. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता २०,०००, भत्ते ४०,००० आणि वेतन ३०,००० धरलंय. तिथे भत्त्यांची फोड केलेली नाही. आमच्या सल्लागारांनी त्यावरूनच सगळे भत्ते वगळले. मग ते चुकीचं कसं?

मस्टर_ते_सॉफ्टवेअर

ते उदाहरण हातात येणारा पगार घटेल का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला होतं. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असाल तर घटत नाही, एवढं त्यांना दाखवायचं होतं. कोणता भत्ता यादीत बसतो हा प्रश्न तिथे घेतलेलाच नाही. उद्या वाद झाला तर समोर कलम ठेवलं जाणार, उदाहरण नाही. माझ्या हाताखालच्या सगळ्या पगारपत्रकांत मी भत्ता भत्ता करून यादीशी ताडून घेतोय, आणि तुम्हीही तसंच करावं असं मनापासून सांगेन.

तिसरी_पाळी

मी कामगारांच्या बाजूने बोलतो. ताई, त्या वेल्डरचा पगाराचा हिशोब कधी देणार? आमच्याकडे माणूस सोडून गेला की "नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) आणा, पुढच्या महिन्याच्या सायकलमध्ये बघू" असं चालायचं. आता वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा असो, काढून टाकलेलं असो की कामगार कपात असो, राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. टूल-किट जमा करणं, गेटपास, ते सगळं शेवटच्या दिवसाच्या आत उरकून घ्या. पैसे घ्यायला पुन्हा एसटीने हेलपाटे मारायला लावू नका. ग्रॅच्युइटीला ३० दिवस आहेत, त्यापुढे व्याज लागतं. त्याने अर्ज केला नाही तरी रक्कम ठरवून कळवणं हे मालकाचंच काम आहे.

पगारखातं

सगळ्यांचे खूप आभार. तीन आकड्यांचा कागद आज साहेबांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि सगळ्यांचाच ताळा करायला सांगितला. वेल्डरचा हिशोब २७,००० वर होईल.

आणखी दोन गोष्टी. त्याची फाइल काढली तर नेमणूक पत्रच नाही! ओळखपत्राची झेरॉक्स आणि पीएफ नंबर, बस. असे आमच्याकडे बरेच जुने लोक आहेत. आणि नवीन सीएनसी ऑपरेटर एक वर्षाच्या मुदतीवर घ्यायचं चाललंय, त्यांनाही ग्रॅच्युइटी लागते का?

मस्टर_ते_सॉफ्टवेअर

पत्रं आधी द्या. ज्यांना पूर्वी दिलेलं नव्हतं त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं होतं, म्हणजे ती मुदत होऊन गेली. रुजू झाल्याची तारीख मात्र मूळचीच टाका, पत्र दिल्याची नव्हे. नाहीतर पुढे कोणीतरी त्यावरून वर्षं कमी मोजेल.

मुदतीच्या नेमणुकीवरच्यांना एक वर्ष पुरं झालं की ग्रॅच्युइटी लागते. कायम कामगारांना पाच वर्षांची अट आहे तशीच आहे. करार तुमच्या कंपनीने थेट त्या माणसाशी लेखी केलेला हवा, आणि पगार, कामाचे तास, सवलती त्याच कामावरच्या कायम माणसापेक्षा कमी ठेवता येत नाहीत. ठेकेदाराकडून आलेली माणसं यात मोडत नाहीत, त्यांचे कागद वेगळे ठेवा.

तिसरी_पाळी

आणि रजेचा कॉलमही बदला. पगारी रजेसाठी आधी २४० दिवस भरावे लागायचे, आता १८०. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये २४० च बसवलेले असतात.