शब्दचर्चा: ‘संतुलित बल’ म्हणताना तोल कशाचा?

प्रश्न

लेक नववीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात ‘संतुलित बल, असंतुलित बल’ वाचताना तिनं विचारलं, “आई, असंतुलित म्हणजे बिघडलेलं बल का गं?” संतुलित आहार चांगला, मनाचं संतुलन ढळलं तर वाईट, मग बलाचंही तसंच असणार, असा तिचा हिशेब. मला नीट सांगता आलं नाही. आणि आपला कोल्हापुरातला ‘जोर’ इथं चालेल का?

उत्तर

ताई, लेकीनं नेमकी नस पकडलीय. शब्द चूक नाही, पण एकवचनात आला की फसवतो. संतुलन, तोल, तोलणं ही सगळी ‘तुला’च्या घरातली मंडळी, म्हणजे तराजूची. तराजूला पारडी दोन लागतात. एकटं बल संतुलित असूच शकत नाही. ‘वस्तूवरची बलं संतुलित आहेत’ असं म्हणायची सवय तिला लावा, निम्मा गोंधळ तिथंच मिटेल.

आता तालमीत बघा. कुस्तीची खडाखडी चाललीय, हात एकमेकांच्या मानेवर, कपाळाला कपाळ, कुणीच हलत नाही. आपण म्हणतो, दोघांचा जोर सारखा लागलाय. पण पहिल्याचा दुसऱ्यावरचा रेटा आणि दुसऱ्याचा पहिल्यावरचा, ही संतुलित बलांची जोडी नव्हे. ती दोन वेगळ्या अंगांवर लागतात. ती क्रिया-प्रतिक्रिया, आणि एक गडी मागं सरकायला लागला तरी ती सारखीच असते. म्हणून एकाच पैलवानाकडं बघायचं. समोरचा त्याला मागं रेटतोय, आणि त्याची बोटं तांबड्या मातीत रुतलीत, ती माती त्याला पुढं रेटतेय. हे दोन्ही सारखे तोवर तो जागचा हलत नाही. समोरून ५८० न्यूटन (बल मोजायचं एकक) आले आणि माती ५०० च देऊ शकली, तर ८० उरले. गडी ८० किलोचा असेल तर त्याचा मागं जायचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदानं वाढत जाईल.

हे जे ‘उरले’ तेच खरं. पुस्तकात त्याला निष्पन्न किंवा परिणामी बल म्हणतात, घरात ‘शिल्लक’ म्हणा. शिल्लक शून्य तर बलं संतुलित, काही उरलं तर असंतुलित. त्यात बिघाड कसला? शिल्लक नसती तर बसलेला गडी उठलाच नसता.

संतुलित म्हणजे स्थिर, हाही गैरसमज फार. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर सपाट, सरळ रस्त्यानं एकाच वेगानं चाललाय, तेव्हा ट्रॉलीवरची ओढ आणि घर्षण, हवेचा विरोध यांची फिट्टंफाट झालेली असते. न्यूटननं १६८७ मध्ये छापलेला गतीचा पहिला नियम हाच: शिल्लक शून्य तर वेग आहे तसाच राहतो. शिल्लक लागते ती सुटताना, थांबताना आणि वळताना.

‘जोर’ फारसीतून आलाय, बोलताना खुशाल वापरा. ‘ताकद’ मात्र अंगात असते, बल अंगात नसतं, ते लागतं. ‘शक्ती’ अजिबात नको, भौतिकशास्त्रात ती कार्य करण्याचा दर.

आणखी एक उत्तर

दादा, एक भर घालतो. ‘तोल जाणं’ आणि ‘बलं असंतुलित असणं’ एक नव्हे. छातीला मागं रेटा आणि त्याच वेळी पाय तेवढ्याच जोरानं पुढं ओढला, तर शिल्लक शून्य, तरी गडी फिरून पाठीवर पडतो. बलं एका रेषेत नसली की असं होतं. त्याला बलयुग्म म्हणतात.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. लेकीनं वहीत ‘शिल्लक’ लिहून घेतलं आणि लगेच टेबलावरच्या दप्तराचा हिशेब मांडला. ५ किलोचं दप्तर, पृथ्वीची ओढ खाली ४९ न्यूटन, टेबलाचा रेटा वर ४९, शिल्लक शून्य. मग म्हणाली, “मग खांद्याला जड का लागतं? कारण टेबलाचं काम आता माझा खांदा करतोय.”