नातवंडांसाठी विश्वासाचा ठेवा मागे ठेवायचा, तर नेमके काय ठेवावे?

जैतून (प्रश्न)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी सत्तरी ओलांडली आहे. घर आणि पैसा यांची व्यवस्था कागदोपत्री झालेली असल्यामुळे त्याविषयी मनात काही उरलेले नाही. जे उरले आहे ते विश्वासाविषयी. माझा मुलगा लहानपणी नियमितपणे संडेस्कूलला जात असे, पुढे त्याचे दृढीकरणही (मंडळीपुढे स्वतःच्या विश्वासाची कबुली देण्याचा विधी) झाले. परंतु नोकरीला लागल्यानंतर तो हळूहळू उपासनेपासून दूर गेला. तो देवाची थट्टा करीत नाही, माझ्याशी वादही घालत नाही. विषय निघाला की शांतपणे दुसरीकडे वळवतो, आणि हे शांतपणे वळवणेच मला वादापेक्षा अधिक लागते. सूनबाई ख्रिस्ती घरातली नाही, पण माझ्याशी अतिशय आदराने वागते. नातवंडे दोन आहेत आणि दोघेही आता प्रश्न विचारण्याच्या वयात आले आहेत.

माझ्या वापरातले पवित्र शास्त्र, समासातल्या सगळ्या खुणांसह, त्यांच्यासाठी ठेवावे असे मनात आहे. मोठेपणी वाचता येतील अशी काही पत्रे लिहून ठेवण्याचाही विचार आहे. मात्र एवढ्याने काही टिकेल का, आणि आईवडिलांच्या मनात नसताना मुलांना असे काही देणे योग्य आहे का, या दोन्ही गोष्टींविषयी मी साशंक आहे. स्तोत्र 71 मधला वृद्ध भक्त देवाला विनवतो की, पुढच्या पिढीला तुझे सामर्थ्य कळवीपर्यंत मला सोडू नकोस. ती विनवणी हल्ली माझीच झाली आहे. ज्यांनी या गोष्टीचा विचार केला आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

दीपस्तंभ

ताई, मी अनेक वर्षे पाळक म्हणून सेवा केली असून आता निवृत्त आहे. आपला प्रश्न मला यहोशवाच्या पुस्तकातील चौथ्या अध्यायाकडे नेतो. यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडल्यावर तिच्या पात्रातून बारा धोंडे उचलून गिलगालात उभे केले गेले, आणि ते कशासाठी हेही तिथेच सांगितले आहे: पुढे मुले विचारतील की, या धोंड्यांचा अर्थ काय, तेव्हा त्यांना नदी कशी दुभंगली ते सांगावे. म्हणजे स्मारक हे उत्तर नव्हे. मुलाने प्रश्न विचारावा म्हणून ते उभे केले होते आणि उत्तर देण्याचे काम माणसाकडेच राहिले होते. आता शास्ते या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील दहावे वचन शेजारी ठेवून पाहावे. यहोशवा आणि त्याच्या काळचे वडीलजन गेल्यावर जी पिढी उठली तिला परमेश्वराचीही ओळख नव्हती आणि त्याने इस्राएलासाठी केलेल्या कार्याचीही नव्हती. हे घडायला फार काळ जावा लागला नाही. धोंडे उभारणारी पिढी संपली आणि लगेचच ही पिढी आली.

म्हणून आपले पवित्र शास्त्र अवश्य ठेवावे, परंतु केवळ अधोरेखित केलेल्या ओळी नातवाला काही सांगणार नाहीत. ओळीखाली रेघ का ओढली, त्या दिवशी घरात काय चालले होते, त्या वचनाने आपल्याला काय करायला लावले, हे समासात दोन ओळींत लिहिलेले असेल तर त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणीतरी तिथे असेल. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 साली कुटुंबांसाठी जी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात दहा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना यांच्या प्रत्येक भागानंतर ‘याचा अर्थ काय?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि तिच्या भागांच्या शीर्षकांत हे घरातील कर्त्याने घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावे असे म्हटले आहे. पाळकाच्या आधी घर, हा क्रम मला सेवेच्या काळात पुष्कळदा उलटा झालेला दिसत असे. आईवडील मूल संडेस्कूलच्या दारात सोडून निश्चिंत होत.

मोहरीचा दाणा

माझे वडील बोलके नव्हते. त्यांनी आम्हा भावंडांना कधी उपदेश केल्याचे मला आठवत नाही, आणि तरीही जे काही आमच्यापाशी आले ते त्यांच्याकडूनच आले. ते गेल्यावर कपाटात त्यांची प्रार्थनेची वही सापडली. पानाच्या डाव्या बाजूला तारीख, त्यापुढे एखादे नाव किंवा एखादी विनंती, आणि उजवीकडे मोकळी जागा. प्रार्थनेचे उत्तर मिळाले की त्या मोकळ्या जागेत निराळ्या शाईने दुसरी तारीख घातलेली होती. एका विनंतीच्या दोन तारखांमध्ये काही दिवसांचे अंतर होते, तर दुसऱ्या एकीत इतकी वर्षे गेली होती की मधल्या काळात अक्षर थरथरू लागल्याचे स्पष्ट दिसत होते. आणि पुष्कळ ओळींपुढची जागा कोरीच होती. माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणाची ओळ त्यांपैकीच एक. तो वाचला नाही. तीच ओळ पुढच्या पानावर नव्या तारखेने पुन्हा आली होती, फक्त विनंती बदललेली होती: ‘त्याच्या आईला धीर दे.’

माझा मुद्दा त्या कोऱ्या जागांविषयी आहे. वडिलांनी फक्त मिळालेल्या उत्तरांची यादी ठेवली असती, तर पुढे माझ्या स्वतःच्या कठीण वर्षांत ती वही मला परकी वाटली असती. स्तोत्र 78 आपण पुढच्या पिढीला देवाची कृत्ये सांगण्याविषयीचे स्तोत्र म्हणून वाचतो, आणि सुरुवातीच्या वचनांत तसे आहेच. पण हे स्तोत्र 72 वचनांचे आहे आणि त्यातला फार मोठा भाग पूर्वजांच्या हट्टीपणाचा, विसराळूपणाचा आणि रानातल्या कुरकुरीचा आहे. मुलांना जे सांगायचे त्यात हे सारे आहे. ताई, आपण पत्रे लिहाल तेव्हा देव ज्या काळात गप्प वाटला त्या काळाविषयीही लिहावे. नातवंडांच्या आयुष्यात तसा काळ येईलच, आणि त्या वेळी आजीलाही हे ठाऊक होते हे कळणे त्यांना फार मोलाचे वाटेल.

वाटसरू

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली, परंतु मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मी आपल्या मुलाच्या जागी होतो. तरुणपणी बरीच वर्षे मी मंडळीपासून दूर राहिलो, आणि त्या काळात मला सर्वाधिक जड कशाचे झाले असेल तर ते आईवडिलांच्या अपेक्षेचे. त्यांनी मला कधी टाकून बोलले नाही, पण माझा विश्वास म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या यशाचा दाखला आहे, हे त्यांच्या प्रत्येक वाक्यात जाणवत असे. देवाकडे परत येणे म्हणजे आईवडिलांपुढे हरणे, असे समीकरण माझ्या मनात तयार झाले होते आणि ते सुटायला फार वेळ लागला.

विश्वास रक्तातून उतरत नाही, हे पवित्र शास्त्र अतिशय स्पष्टपणे दाखवते. हिज्कीयासारख्या देवभीरू राजाचा मुलगा मनश्शे. त्याने 55 वर्षे राज्य केले आणि बापाने मोडलेली उच्च स्थाने, म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थळे, पुन्हा बांधली. मनश्शेचा मुलगा आमोन बापाच्याच वाटेने गेला, आणि त्या आमोनाचा मुलगा योशीया मात्र जिवाभावाने परमेश्वराकडे वळला. चांगल्या बापाचा वाईट मुलगा आणि वाईट बापाचा चांगला मुलगा, दोन्ही एकाच वंशावळीत. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायातही प्रत्येक जण आपापल्या चालीसाठी देवापुढे उभा आहे, बाप मुलासाठी नाही आणि मुलगा बापासाठी नाही. नीतिसूत्रांतील ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे’ हे वचन (22:6) अनेक आईवडील हमीपत्रासारखे हातात धरतात आणि मूल दूर गेले की स्वतःला दोषी ठरवतात. ते शहाणपणाचे वचन आहे. जगात साधारणपणे काय घडते ते सांगणारे. ताई, आपल्या मुलाच्या निर्णयाचा भार आपण उचलू नये, आणि आपल्या समाधानाचा भार त्याच्यावर टाकू नये.

नातवंडांविषयी एवढेच म्हणेन की, मुलगा आणि सूनबाई यांना सांगितल्यावाचून काहीही करू नये. मुलांना लपवून शिकवलेले पुढे उघड होते, आणि त्या वेळी मुलांच्या मनात प्रभूचे नाव आईवडिलांपासून लपवण्याच्या गोष्टीशी जोडले जाते.

दीपस्तंभ

वाटसरू यांनी योशीयाचा उल्लेख केला, म्हणून एक गोष्ट जोडतो. योशीयाच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणिसाने तो राजापुढे वाचला आणि राजाने आपली वस्त्रे फाडली. मधल्या काळात मंदिर होते, याजक होते, पण ग्रंथ कोणाच्या ध्यानातही नव्हता. तो तिथे कोणी ठेवला हे कोणालाच ठाऊक नाही. आधी मी धोंड्यांविषयी जे लिहिले ते मागे घेत नाही, तरी मागे ठेवलेली वस्तू आपल्या डोळ्यांदेखत काही करीत नसली म्हणून ती वाया गेली असे मात्र समजू नये.

लपवण्याविषयी वाटसरू यांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे.

पहाटवेळ

मी अविवाहित आहे आणि संडेस्कूलमध्ये शिकवते, म्हणून या चर्चेत मला विशेष रस आहे. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या घराकडे जरा बारकाईने पाहावे असे वाटते. पौल त्याच्या आजीचे, लोईसचे, आणि आईचे, युनीकेचे, नाव घेऊन त्यांच्या निष्कपट विश्वासाची आठवण करतो (2 तीमथ्य 1:5). प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये मात्र त्याचा बाप ग्रीक होता एवढेच आहे, आणि लुस्त्र व इकुन्या येथील लोकांना ते ठाऊक होते. म्हणजे ते एकमताचे घर नव्हते. जैतूनताईंच्या घराहून ते फार निराळे होते असे मला वाटत नाही, आणि त्या घरात बालपणापासून पवित्र शास्त्राची ओळख झालेला मुलगा वाढला.

आजीचा उल्लेख आला म्हणून चौथ्या शतकातील एका कुटुंबाविषयी सांगते. थोरली मॅक्रिना आणि तिचा पती छळाच्या काळात पोंतच्या रानात सुमारे सात वर्षे लपून राहिले होते. तिचा नातू बेसिल पुढे कैसरियाचा बिशप झाला. त्याच्या विश्वासावर शंका घेतली गेली, तेव्हा त्याने पत्रात लिहिले की, मी लहान असताना आजीने मला तिसऱ्या शतकातील बिशप ग्रेगरी थॉमाटर्गस यांची वचने शिकवून घडवले. या बिशप ग्रेगरींची शिकवण तिने मुखपाठ सांभाळून ठेवली होती. तिचा दुसरा नातू निस्साचा ग्रेगरी, आणि नात धाकटी मॅक्रिना, जिला या निस्साच्या ग्रेगरीने आपली गुरू म्हटले.

मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे एकेका मुलाला वेगळा दिलेला वेळ. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याची आई सुझाना वेस्ली यांचे घर मुलांनी भरलेले होते, तरी त्यांनी प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली होती, त्याच्या आत्मिक गोष्टींविषयी एकांतात बोलण्यासाठी. जॉनचा वार गुरुवार होता. मोठेपणी, ऑक्सफर्डला असताना, त्याने आईला लिहिले की, तो गुरुवारचा थोडासा वेळ पूर्वी जसा देत होतीस तसा आता दुसऱ्या रीतीने मला दे. शिकवलेल्या धड्याची नव्हे, त्या वेळेची त्याला आठवण राहिली होती. आमच्या वर्गातही मुले गोष्टी विसरतात. पण त्यांचे एखादे विचित्र वाटणारे म्हणणे आपण पूर्ण ऐकून घेतले होते, हे ती कित्येक वर्षांनी येऊन सांगतात.

आणि ज्यांना स्वतःची मुले नाहीत त्यांनी हा प्रश्न आपला नाही असे मानू नये. पौलाला मुलबाळ नव्हते. तीमथ्याला तो आपले लेकरू म्हणतो, आणि 2 तीमथ्य 2:2 मध्ये एकाच वाक्यात चार पिढ्या येतात: पौल, तीमथ्य, ज्यांना तीमथ्य शिकवील ती विश्वासू माणसे, आणि ती माणसे ज्यांना शिकवतील ते.

जैतून

सर्वांचे मनापासून आभार. वाटसरू, तुमचे म्हणणे मला सर्वांत कठीण गेले आणि तेच मी सर्वांत जास्त वेळा वाचले. मी मुलाशी आणि सूनबाईशी बोलणार आहे. पण नेमके काय विचारावे? ‘मुलांना पवित्र शास्त्र शिकवू का’ असे विचारले तर तो होही म्हणेल, केवळ माझे मन राखण्यासाठी, आणि मग ती परवानगी मला खरी वाटणार नाही.

वाटसरू

ताई, परवानगी मागण्याऐवजी त्याला पत्रांविषयी सांगून पाहावे. आपण नातवंडांसाठी आपल्या आयुष्यात देवाने काय केले ते लिहिणार आहात, जे घडले नाही तेही लिहिणार आहात, आणि प्रत्येक पत्र लिहून झाले की ते आधी त्याने व सूनबाईने वाचावे अशी आपली इच्छा आहे, एवढेच सांगावे. ते बंद पाकिटात ठेवू नये. मुलांच्या हाती ते केव्हा द्यायचे हे त्या दोघांना ठरवू द्यावे, आणि त्यांनी पुष्कळ वर्षे थांबायचे ठरवले तरी ते मान्य करावे. नातवंडे आपणहून काही विचारतील तेव्हा मात्र खरे उत्तर द्यायला कोणाचीच हरकत असणार नाही. मी त्यांचा बाप असतो तर माझीही नसती.

पहिले पत्र मुलाच्या जन्माच्या वर्षाविषयी लिहावे, असे मी सुचवेन. ती हकीकत त्याने स्वतःही कदाचित पूर्ण ऐकलेली नसेल.