नुसता डेटा देऊन भागत नाही

‘एनएसएसचा (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा) डेटा खुला आहे, मग सेवाक्षेत्राच्या उत्पादकतेचे आकडे कुणालाही पडताळता येतील,’ हे म्हणणं मला पटत नाही. 2015-16 ची 73वी फेरी घ्या, म्हणजे छोट्या, असंघटित बिगरशेती उद्योगांची पाहणी. मल्टिप्लायरला (नमुन्यातल्या नोंदीवरून एकूण अंदाज काढायच्या गुणकाला) कुठे 100 ने भागलं, कुठे 200 ने, हे संशोधकाच्या लेखात नसेल तर एकूण बेरीजच जुळत नाही. अर्धवेळ कामगार कसा मोजला? आणि सगळ्यात मोठी गोम महागाई वजा करण्यात: घाऊक किंमत निर्देशांकात सेवा नाहीतच, तरी सलूनच्या मूल्यवर्धनाला तोच लावला जातो! ग्राहक किंमत निर्देशांक लावला की वाढीचा दर बदलतो. म्हणून डेटासोबत आकडेमोडीच्या कोडची फाईल हवीच, वगळलेल्या नोंदींच्या यादीसकट.