हजार वर्षांचे राज्य: ‘आरंभीच्या मंडळीत सगळे हेच मानत होते’ हे कितपत खरे?

सत्यान्वेषी:
प्रकटीकरण २० वर (सैतान हजार वर्षे बांधला जातो आणि ख्रिस्ताबरोबर त्याचे लोक राज्य करतात, तो अध्याय) चार आठवड्यांचा अभ्यासवर्ग आहे. गटात पेंटेकॉस्टल, सी.एन.आय. आणि कॅथलिक असे तिन्हीकडचे लोक आहेत. दोन विधाने हमखास पुढे येणार. एक म्हणजे, पहिली तीन शतके सगळी मंडळी ख्रिस्ताच्या पृथ्वीवरील राज्याची वाट पाहत होती आणि पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टिनने ते मोडून काढले. दुसरे, इ.स. ४३१ च्या इफिस परिषदेने हे मत पाखंड ठरवले. यात खरे किती? आणि वचनात नेमका हात कुठे घालायचा?

जुनी_पोथी:
दुसरे आधी निकालात काढू. इफिसच्या परिषदेत वाद नेस्टोरियसच्या ख्रिस्ताविषयीच्या शिकवणीचा होता. हजार वर्षांच्या राज्याला पाखंड ठरवणारा ठराव तिच्या कागदपत्रांत नाही, पुस्तकांतून एकमेकांचे बघून उतरवले गेलेले हे विधान आहे. ‘त्याच्या राज्याला अंत नाही’ हे विश्वासांगीकारातले वाक्यही (इ.स. ३८१) अन्सिराच्या मार्सेलसच्या शिकवणीविरुद्ध आले. ख्रिस्ताचे राज्य शेवटी संपते, असे तो म्हणे. त्याचा रोख हजार वर्षांवर नव्हता.

पहिल्या विधानात अर्धे तथ्य आहे. जस्टिन मार्टरचा ट्रायफोबरोबरचा संवाद (दुसरे शतक) काढा, प्रकरण ८०. यरुशलेम पुन्हा बांधले जाईल आणि तिथे हजार वर्षे राज्य होईल असे जस्टिन स्वतः मानतो. पण त्याच प्रकरणात तो सांगतो की शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे पुष्कळ ख्रिस्ती लोक असे मानत नाहीत. ‘सगळे’ हा शब्द तिथेच गळून पडतो.

दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस याने (पाखंडांविरुद्ध, पुस्तक ५) त्याच्याही आधीच्या पापियसचे म्हणून जतन केलेले वर्णन वर्गात जरूर वाचा: एका वेलीला दहा हजार फांद्या, प्रत्येक फांदीला दहा हजार डहाळ्या, असे करत शेवटी एका द्राक्षातून २५ मेट्रेटे द्राक्षारस. एक मेट्रेटा साधारण ३९ लिटरचा, म्हणजे एका द्राक्षाचे जवळजवळ हजार लिटर! यहुदी ग्रंथ दुसरा बारूख (२९:५) यातही असाच हिशेब आहे, तिथे आकडा हजारांचा. ही आशा कोणत्या मातीतून आली ते इथे उघड दिसते.

ऑगस्टिनच्या कितीतरी आधी, तिसऱ्या शतकात, इजिप्तमध्ये हा वाद पेटला होता. नेपोस नावाच्या बिशपने रूपकार्थ लावणाऱ्यांविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि आर्सिनोए भागातल्या मंडळ्या दुभंगल्या. अलेक्झांड्रियाचा डायोनिसियस स्वतः तिथे गेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत असे तीन दिवस ग्रंथावर चर्चा केली आणि विरुद्ध बाजूचा प्रमुख कोराकियन याने आपले मत सोडले. युसेबियसच्या इतिहासात (७:२४) हे आहे. बहिष्कार नाही, शिव्याशाप नाहीत. माझ्या मते तुमच्या वर्गाला हाच नमुना घ्यावा.

ऑगस्टिनने ‘देवाची नगरी’, पुस्तक २०, प्रकरण ७ मध्ये आपणही एकेकाळी हेच मानत होतो असे मान्य केले आहे. त्याने मत बदलले आणि पश्चिमेकडे त्याचेच वाचन रूढ झाले, इतकेच.

बेरियाकर:
वचनात दोनच गाठी आहेत. त्या सुटल्याशिवाय इतिहासाकडे वळू नका, नाहीतर वर्ग ‘आमचे पूर्वज, तुमचे पूर्वज’ यातच संपतो.

पहिली गाठ: अध्याय २० हा १९ च्या नंतर घडतो की तोच काळ पुन्हा सुरुवातीपासून दाखवतो? १९:१७-१८ मध्ये पक्ष्यांना मांस खायला बोलावले आहे, ते यहेज्केल ३९:१७-२० मधून घेतले आहे. तिथे ते मांस गोगच्या सैन्याचे. आणि गोग व मागोग ही नावे येतात २०:८ मध्ये, हजार वर्षांनंतर! एकच भविष्यवाणी दोन्हीकडे, म्हणजे लढाई एकच, असा अमिलेनियल (हजार वर्षे म्हणजे मंडळीचाच चालू काळ, असे मानणाऱ्यांचा) युक्तिवाद. तो वजनदार आहे.

दुसरी गाठ एका क्रियापदाची. २०:४ मध्ये ‘ते जिवंत झाले’ आणि २०:५ मध्ये बाकीचे मेलेले ‘जिवंत झाले नाहीत’, दोन्हीकडे ग्रीक शब्द एकच, ‘एझेसान’. पहिला आत्मिक आणि दुसरा देहाचा असा अर्थ घेता येईल का? अमिलेनियल बाजू योहान ५:२५ आणि ५:२८-२९ दाखवते. तिथे एकाच भाषणात आधी आत्मिक जिवंत होणे आणि मग कबरेतून बाहेर येणे आहे.

मेंढपाळ_७७:
बेरियाकर, मांडणी प्रामाणिक आहे, पण आमची प्रीमिलेनियल (ख्रिस्त आधी येतो, मग हजार वर्षे राज्य, असे मानणाऱ्यांची) बाजू अर्धीच आली. योहान ५ मध्ये ‘आता आलीच आहे’ आणि ‘कबरेतील’ असे शब्द घालून फरक सांगितला आहे, प्रकटीकरण २० मध्ये तशी एकही खूण नाही. २:८ मध्ये ख्रिस्त ‘मेला होता व जिवंत झाला’, तिथेही हेच क्रियापद, आणि अर्थ देहाचाच. क्रमाबद्दल २०:१० पाहा: सैतान अग्नीच्या सरोवरात टाकला जातो, ‘जेथे श्वापद व खोटा संदेष्टा’ आहेत. ते तिथे गेले १९:२० मध्ये. लेखक स्वतःच धागा जोडतो आहे.

आमच्या लोकांना मात्र एक गोष्ट ठासून सांगावी लागते. स्कोफील्डच्या १९०९ च्या टीपांच्या बायबलमधली डिस्पेन्सेशनल (इस्राएल व मंडळी यांच्यासाठी देवाच्या वेगळ्या योजना मानणारी) मांडणी आयरेनियसच्या नावावर खपवू नका. संकटकाळाआधी मंडळीचे उचलले जाणे त्याच्याकडे नाही, उलट दहा राजे मंडळीला पळवून लावतील असे तो लिहितो. ऐतिहासिक प्रीमिलेनियल आणि डिस्पेन्सेशनल हे दोन वेगळे रकाने करा. यहेज्केल ४३ मधील पापार्पणाचे गोऱ्हे हजार वर्षांच्या राज्यात शब्दशः अर्पिले जातील म्हटले, की इब्री १०:१८ (क्षमा झाली तिथे पापासाठी आणखी अर्पण नाही) समोर येतेच. तो प्रश्न डिस्पेन्सेशनल लोकांना सोडवावा लागतो, बाकीच्यांना नाही.

वसईची_वाट:
कॅथलिक सदस्यांसाठी: १९४४ मध्ये रोमच्या होली ऑफिसने (शिकवणीवर देखरेख करणारे कार्यालय) उत्तर दिले की सौम्य स्वरूपातली ही शिकवणही ‘सुरक्षितपणे शिकवता येत नाही’. ‘पाखंड’ हा शब्द तिथे नाही, तो तुम्हीही वापरू नका. धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद ६७६ सोबत ठेवा. लुथरन कोणी आलेच तर लुथरन विश्वासपत्र ऑग्सबर्ग कबुली हिचे कलम १७ (१५३०) लागेल; पुनरुत्थानाआधी भक्त जगावर राज्य करतील हे मत ते नाकारते. ते म्युन्स्टर शहरातल्या, देवाचे राज्य बळाने आणू पाहणाऱ्या ॲनाबाप्टिस्टांच्या बंडामुळे लिहिले असे सांगितले जाते, पण बंड १५३४ चे आहे.

सत्यान्वेषी:
मनापासून आभार. म्हणजे पहिले दोन आठवडे क्रम आणि क्रियापद, तिसऱ्यात जस्टिन व आर्सिनोए. चौथ्यात १ करिंथ १५:२३-२८ घ्यावे का?

बेरियाकर:
घ्याच. ‘नंतर शेवट’ यातल्या ‘नंतर’मध्ये हजार वर्षे मावतात का, हा प्रश्न दोन्ही बाजूंना घाम फोडतो. २६ वे वचन ५४ व्या वचनाबरोबर वाचा: शेवटचा शत्रू मृत्यू ख्रिस्ताच्या येण्याच्या वेळीच गिळला जात असेल, तर पुढच्या हजार वर्षांत मरते कोण?

मेंढपाळ_७७:
आणि २३ व्या वचनातल्या ‘नंतर’मध्ये, ख्रिस्ताचे उठणे आणि त्याच्या लोकांचे उठणे यांच्यामध्ये, दोन हजार वर्षे मावलीच आहेत, हेही त्याच तासाला वाचा.